चौथ्या पटावरचे मगदूम अण्णा

"ह्यांच्याकडे जरा लक्ष ठेव गं," सुनंदाकाकू फोनवर म्हणाल्या होत्या. "सकाळपासून डावा हात चोळायला लागलेत. घरी बसा म्हटलं तर ऐकत नाहीत."

"मॅचच्या दिवशी सगळ्यांचंच काही ना काही दुखतं, काकू," म्हणून मी फोन ठेवला.

मी आमच्या बुद्धिबळ मंडळाची कॅप्टन. इरा झाल्यापासून स्वतः खेळत नाही. नावं द्यायची, चहा सांगायचा आणि कुणी बरोबरी मागू का विचारलं तर हो किंवा नाही म्हणायचं, एवढंच काम. जिल्हा लीगमध्ये इचलकरंजीशी दीड-दीड झालं होतं. राहिला चौथा पट, काकूंच्या ह्यांचा, मगदूम अण्णांचा. ते उठून माझ्याकडे आले. "कॅप्टनबाई, बरोबरी मागू काय?" तीस वर्षांत जिंकत असताना या माणसानं बरोबरी मागितली नव्हती, आणि त्यांचं तर एक प्यादं जास्त होतं. मी म्हणाले, "खेळा."

तासभर खेळून ते जिंकले. घरी पोचलेच नाहीत, वाटेतच गेले.

त्याला आज तेवीस दिवस झाले.

दुपार आहे. इराला पाजून निजवलंय. शेजारी तिच्या दुधाच्या वेळा लिहायची वही, पेन उघडंच. तिचं पोट वर-खाली होतंय ना, मी बघतेय. बघता बघता दुपट्यावरच्या चौकटी मोठ्या होतात, आणि पलीकडे अण्णा बसलेत, बाह्या दुमडून.

"झोपली काय पोरगी?"

"आत्ताच."

"मग हळू बोलू. बिनवर्गणीची मेंबर आहे ती आपली."

मला हसू येत नाही. "हात दुखतोय का, अण्णा?"

"तेव्हा विचारायचं की."

रागानं नाही. चहात साखर कमी आहे म्हणावं तसं म्हणतात. कुठेतरी नळ ठिबकतोय, पण ते पटाशेजारचं घड्याळ आहे, आणि वेळ माझा चाललाय.

मंडळाच्या हॉलचं दार ढकलावं तर त्यांचं स्वयंपाकघर. काकू पाठमोऱ्या. गॅस बंद. ओट्यावर दोन कप.

"अजून दोनच काढती," अण्णा म्हणतात. "मग बघत उभी राहती. रोज."

मी हाक मारते. काकू वळत नाहीत.

"तुझं ऐकून घ्यायची नाही ती. तिनं सांगितलंतं तुला."

"माहितेय."

"बरं." ते खुर्ची मागं सारून उठतात, अगदी त्या दिवसासारखे, एक हात टेबलावर रेटून. कपाळ ओलं आहे. त्या दिवशीही ओलं होतं. मी तेव्हा पटाकडे बघत होते.

"कॅप्टनबाई, बरोबरी मागू काय?"

हो. मागा. आत्ता मागा, घरी जा, रिक्षा बोलावते. हे सगळं माझ्या घशात तयार आहे. तोंडातून येतं, "खेळा."

अण्णा मान हलवतात आणि जाऊन बसतात. कॅप्टनचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही.

जाग येते. इरा झोपलीय. छाती हलतेय, बोट ठेवून दोनदा बघितलं. माझ्या दुसऱ्या हातात पेन आहे. वहीत 'दोन-दहा, उजवीकडे' याच्या खाली कंसात दोन आडव्या रेघा: (=). बरोबरी मागितली की डावाच्या कागदावर त्या खेळीपुढे ही खूण करायची असते. अण्णांच्या शेवटच्या कागदावर ती कुठेच नाही. मी शोधली होती.

अक्षर माझंच आहे. पण लिहिल्याचं आठवत नाही.

काकूंकडे मी दोनदा गेले आणि फाटकाला हात लावून परत आले. फोन लावते, दुसऱ्या रिंगला तोडते. तुम्ही मिरजेत राहत असाल, आमच्या मंडळाच्या हॉलमागची गल्ली माहीत असेल, तर एकदा जाऊन या. मगदूम म्हटलं की कुणीही घर दाखवेल. काकू दारातच "बरी आहे" म्हणतील. तेवढ्यावर निघू नका. पाणी मागा, आत जा. ओट्यावर किती कप आहेत, ते बघा.