सहा मिनिटांची नाकाबंदी

ते प्रकरण आजही मनातून जात नाही. खरं तर त्याला प्रकरण म्हणावं की नाही, हेच मला ठरवता आलेलं नाही. एफआयआर झाला नाही, अटक झाली नाही. तरी नोकरीतलं एखादं काम सांगा असं कोणी म्हटलं, की मला मोठे गुन्हे आठवत नाहीत, हेच आठवतं.

उज्जैनच्या एका ठाण्यात सहायक उपनिरीक्षक म्हणून माझं ते शेवटचं वर्ष होतं. निवृत्त झाल्यावर मी बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिला माणूस मीच, तेही साठी उलटल्यावर. रोजनामचा आयुष्यभर हिंदीत लिहिला. कोण आलं, किती वाजता आलं, काय म्हणालं, एवढंच त्यात लागतं. मराठीत असं काही लिहिताना हात अडखळतो. जमेल तसं सांगतो. नावं मुद्दाम देत नाही.

त्या दिवशी अमावास्या होती. निम्मा स्टाफ राम घाटावर बंदोबस्ताला गेला होता, म्हणून ठाणं रिकामं होतं. अकराच्या सुमारास एक मराठी बाई आल्या. साठीच्या, नीटनेटक्या, हातात पर्स आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. सोबत त्यांची मुलगी. बाईंनी घरूनच आवेदन लिहून आणलं होतं. त्यांना मी पुढे काकूच म्हणू लागलो, इथेही तेच म्हणतो.

आवेदनात लिहिलं होतं, की धाकट्या दिरांनी माझ्या मयत पतीच्या आवाजाला कुलूप घातलं आहे, तरी ते उघडून मिळावं.

मी दोनदा वाचलं. "काकू, आवाजाला कुलूप म्हणजे?"

"साहेब, तुम्ही मराठी आहात म्हणून बरं. नाहीतर हे हिंदीत कसं सांगितलं असतं कोण जाणे."

मग उलगडा झाला. काकूंचे यजमान बँकेत होते. चार वर्षांपूर्वी आजारपणात गेले. जाण्याआधी त्यांनी मुलीच्या लग्नासाठी स्वतः मंगलाष्टकं रचली आणि फ्रीगंजमधल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे जाऊन स्वतःच्या आवाजात म्हटली. मुलीचं तेव्हा कुठे ठरलंही नव्हतं. त्याची सीडी झाली, सीडीवरून घरच्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवली, तिथून पेनड्राइव्हवर. आता मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि फाइल कुठेच वाजत नव्हती. परवाना नाही, असं पडद्यावर यायचं.

"चार वर्षांत एकदाही लावून पाहिली नाही?"

काकूंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "हिंमत नाही झाली, काका. आई म्हणायची, लग्नातच ऐकू."

"आणि दिरांवर संशय का?"

"तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी कॉम्प्युटर उचलून घेऊन गेले. मुलाच्या अभ्यासाला पाहिजे म्हणे. तेव्हापासून बोलचाल बंद. जाता जाता त्यांनीच काहीतरी केलं असणार."

कौटुंबिक भांडणात पोलिसाने पडू नये, हे मला माहीत होतं. पण मुलगी पेनड्राइव्हकडे ज्या नजरेने बघत होती, ती बघून मी आवेदनावर शिक्का मारला आणि आवक क्रमांक दिला.

आमच्या ठाण्यात कॉम्प्युटरचं काम एक महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, बघत असे. माळव्यातल्या खेड्यातली मुलगी, तोंडाने फटकळ, कामाला चोख. तिने पेनड्राइव्ह लावला. मी शेजारी खुर्ची घेऊन बसलो आणि मोठ्या अकलेने सुचवलं, "याच्या नावापुढे एमपीथ्री लिही ना. मोबाइलवर तेच वाजतं."

"सर, नाम बदलने से क्या होगा? फरार मुलजिम नाम बदल ले तो आप छोड़ देते हो क्या?"

पुढे तिने फाइल बदलून देणारे दोन प्रोग्राम लावून पाहिले. दोन्हींनी एकच उत्तर दिलं, की फाइल संरक्षित आहे, नक्कल होणार नाही. परवाना मागायला फाइल इंटरनेटवर जायची आणि तशीच परत यायची. शेवटी ती म्हणाली, "सर, इसका ताला इसके अंदर है, चाबी कहीं और. या तो ओरिजनल सीडी लाओ, या वो कंप्यूटर जिस पर ये बनी थी."

दोन धागे मिळाले. संध्याकाळी मी काकूंच्या घरी गेलो. टावर चौकाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी.

"काकू, मूळ सीडी कुठे आहे?"

"हरवली," त्या म्हणाल्या, पण म्हणताना नजर गॅलरीकडे गेली आणि लगेच परत आली. बयान घेताना मी माणसाच्या शब्दांआधी नजर बघायचो. गॅलरीत गेलो. कबुतरं येऊ नयेत म्हणून दोरीला सात-आठ जुन्या सीड्या टांगल्या होत्या. वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हाने त्यांचा मुलामा उडाला होता. एकीवर मार्करचं पुसट अक्षर होतं. मुलीचं नाव, खाली 'शुभमंगल'.

काकू दारात उभ्या होत्या. "घर आवरताना सगळ्या एकत्र आल्या हो. कबुतरं फार घाण करायची. मला काय माहीत त्यातच..." मग हळूच म्हणाल्या, "हिला सांगू नका. तिच्या बापाचा आवाज मी कबुतरांना दाखवायला टांगला."

ती सीडी मी सोडवून खिशात घातली. दुसऱ्या दिवशी आरक्षकाने ती उजेडात धरली. आरपार दिसत होतं.

राहिले दीर. ते माधव नगरात राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. मुलगा पुण्याला नोकरीला लागला होता. मी आणि आरक्षक साध्या कपड्यांत गेलो. पोलीस म्हटल्यावर ते दचकले, पण खुर्च्या दिल्या, पाणी दिलं.

"तुमच्या भावाचा कॉम्प्युटर तुमच्याकडे आहे?"

"आहे. पण बंद पडलाय. किती वर्षं झाली, लावलाच नाही."

"बघू?"

ते उठले, पण पाय उचलायला वेळ लागला. आतल्या खोलीत टेबलावर तो ठेवला होता, वर जुना टॉवेल. टॉवेल काढला. पडद्यावर धूळ, टेबलावर धूळ, कीबोर्डच्या बटणांमध्ये धूळ. फक्त स्पीकरचं आवाज कमीजास्त करायचं बटण आणि माउस स्वच्छ होते.

मी त्या बटणावरून बोट फिरवलं आणि बोट त्यांना दाखवलं.

"काका, बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा आवाज रोज कोण वाढवतं?"

चौकशीत मी पुष्कळ माणसं कबूल होताना पाहिली आहेत. कोणी चिडतं, कोणी पाया पडतं. हे गृहस्थ पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "रोज नाही. रविवारी."

"काय ऐकता?"

"दादा म्हणतो ना. सहा मिनिटांचं आहे."

अभ्यासाला हवा म्हणून नेलेला कॉम्प्युटर मुलाने कधी वापरलाच नव्हता. "दादा गेल्यावर घरात त्याचं काहीच मागावं वाटलं नाही. हे मात्र पाहिजे होतं. वहिनींना खरं कसं सांगणार? म्हटलं असतं, की दिवस होत नाहीत तोच मागायला आला. म्हणून मुलाचं नाव घेतलं. मला वाटलं, त्यांच्याजवळ तर आहेच."

"आणि कुलूप कोणी घातलं?"

"कसलं कुलूप?"

मी काकूंना फोन करून बोलावलं. अर्ध्या तासात त्या मुलीसह आल्या. चार वर्षांनी दीर-भावजय समोरासमोर. कोणी कोणाकडे बघेना. काकू आवेदनाची पोच हातात घट्ट धरून दारातच उभ्या.

आरक्षकाने तोवर कॉम्प्युटर सुरू करून प्लेयरची सेटिंग उघडली होती. एका चौकटीत बरोबरची खूण होती. "ये देखो आंटी. सीडी से उतारते टाइम ये टिक लगा था, कॉपी से बचाव वाला. ये लगा हो तो फाइल सिर्फ इसी कंप्यूटर पर बजेगी. बाहर ले जाओगे तो गूँगी."

"मग ही खूण लावली कोणी?" काकूंनी विचारलं, दिरांकडे न बघता.

दीर म्हणाले, "दादानेच. मी शेजारी होतो. म्हणाला, संरक्षण पाहिजे का असं विचारतंय, पाहिजेच की. आपल्या लेकीचं आहे."

मग काकू हसायला लागल्या. "अहो साहेब, हे गृहस्थ कुलूप लावून तीनदा ओढून बघायचे. चौकापर्यंत जाऊन परत यायचे. साखरेच्या डब्यावरसुद्धा वजन ठेवायचे. त्यांना विचारलं संरक्षण पाहिजे का, तर..." पुढचं हसण्यात की रडण्यात गेलं, कळलं नाही. दिरांनी खुर्ची पुढे केली. "बसा, वहिनी." आणि त्या बसल्या.

आता फाइल बाहेर कशी काढायची? त्या कॉम्प्युटरवरही बिनकुलपाची नक्कल होईना. "बजेगी, पर जाएगी नहीं," आरक्षक म्हणाली. तिने स्पीकरच्या जागी वायर जोडून सोबत आणलेल्या लॅपटॉपमध्ये आवाज घ्यायचा प्रयत्न केला, पण भोक ढिलं झालं होतं, नुसती घरघर येई. शेवटी साधा उपाय ठरला. स्पीकरसमोर मोबाइल ठेवायचा, फाइल वाजवायची आणि आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा. बापाने स्वतः म्हटलेलं, मुलीच्या लग्नासाठी. यात कोणाचा हक्क बुडतोय असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही.

अडचण एकच, माधव नगरची दुपार. पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली, बेलचं बटण बंद केलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा भोंगा ऐकू आला. मी खाली उतरलो. आयुष्यात नाकाबंदी पुष्कळ केली, दारूच्या गाड्यांसाठी, चोरीच्या मोटरसायकलींसाठी. ही पहिलीच आवाजासाठी. भंगारवाला थांबवला, भाजीची गाडी थांबवली, एका स्कूटरवाल्याला गाडी ढकलत न्यायला लावली. भाजीवाली म्हणाली, "अंदर कोई मर गया क्या?"

"नहीं अम्मा, शादी है."

तिने कोथिंबिरीची जुडी माझ्या हातावर ठेवली आणि सहा मिनिटं तोंड मिटून उभी राहिली.

त्यामुळे आत काय झालं ते मला दिसलं नाही. मंगलाष्टकंही मी ऐकली नाहीत. ती ऐकली पुढच्या आठवड्यात, लग्नात. आमंत्रण द्यायला काकू आणि दीर दोघं मिळून ठाण्यात आले होते.

अंतरपाट धरला गेला. गुरुजी थांबले आणि स्पीकरवरून आवाज आला. आजारी माणसाचा, थोडा दमलेला, पण सुरात. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध लांबून कोणी ओरडलं, "ओ भैया, भोंगा बंद कर! छह मिनट!" तो आवाज माझा होता. मांडवात हशा पिकला, मी मान खाली घातली. आरक्षक शेजारी कुजबुजली, "सर, मैंने बोला था ये हिस्सा काट दूँ. दीदी ने मना कर दिया."

मग शेवटचं कडवं आलं. आवाज एक दम घ्यायला थांबला आणि म्हणाला, "सावधान." त्याच क्षणी दुसरा आवाजही म्हणाला, "सावधान." जवळून, भरून आलेला. दर रविवारी एकट्याने म्हणायची सवय झालेल्या भावाला त्या दिवशी खोलीत राहवलं नव्हतं. मांडवातल्या सगळ्यांनी वर पाहिलं. दीर काकूंच्या मागे उभे होते, ओठ घट्ट मिटून. काकूंनी मागे हात करून अक्षतांचं ताट त्यांच्यापुढे धरलं.

आवेदन निकाली काढताना कारण लिहावं लागतं. काकू दुसऱ्या दिवशी आल्या, मराठीतच लिहून दिलं: 'कुलूप माझ्या पतींनी काळजीपोटी घातले होते. दिरांवर माझी तक्रार नाही.' मी नोकरीत कुलूप दिसलं की आधी ते तोडणाऱ्याचा विचार करायचो. घालणाऱ्याचा विचार करायला या बाईंनी शिकवलं. एवढंच शिकलो, तेही निवृत्तीच्या तोंडावर.

त्यांचा कागद फाइलला लावला. रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह परत करू लागलो, तेव्हा काकू म्हणाल्या, "वाजत नाही ना तो? तरी द्या. त्यांनी नीट बंद केलेला आहे."