चवीपुरतं

माझी नात 'अन्न आणि संस्कृती' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेते. अभ्यासक्रम एक, विभाग दोन. रसायनशास्त्राचे सर तिसऱ्या मजल्यावर, समाजशास्त्राच्या मॅडम सायकल स्टँडमागच्या बैठ्या इमारतीत. दोघांच्याही सह्या झाल्याशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही, आणि तो सरकला नाही तर यंदाही पदवी नाही. मला यातलं फार कळत नाही. पोरीची दमछाक मात्र रोज दिसायची.

तिने विषय घेतला होता 'चवीपुरतं'. मीठ चवीपुरतं घाला, असं सगळेच सांगतात. पण म्हणजे किती, आणि कुणाच्या चवीपुरतं? मला विषय आवडला होता, पण मला कोण विचारतंय!

सुरुवात घरातूनच झाली. ओट्यावर वजनकाटा आला. सुनेने चिमूट उचलली की नात म्हणायची, थांब, आधी काट्यावर टाक. चार दिवस सुनेला मौज वाटली. मग तिचा हातच बिघडला. काट्याकडे बघत मीठ घालायची आणि भाजी कधी खारट, कधी अळणी. मुलगा म्हणाला, लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी जेवणाला नाव ठेवलं नाही; लेकीने शिकून ती वेळ आणली.

सरांनी आकडे पाहिले. एकाच बाईचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे प्रकरण काढून टाक, म्हणाले. मॅडमना तर आकडेच नको होते. त्यांचं म्हणणं, काट्यासमोर उभी केलेली बाई स्वयंपाक करत नाही, परीक्षा देते. नातीने विचारलं, मग हेच लिहू का? त्या म्हणाल्या, लिही, पण सरांना विचार. सर म्हणाले, हे माझ्या विषयात बसत नाही.

जिने चढून-उतरून ती टेकीला आली आणि शेवटी तिने ते प्रकरण काढून टाकलं. सह्या लगेच मिळाल्या. आता 'चवीपुरतं' हा शब्द प्रबंधाच्या मुखपृष्ठावर तेवढा उरलाय.

सह्या मिळाल्या त्या दिवशी ती जेवायला बसली. एक घास घेतला आणि थांबली.

"आई, भाजीत मीठ कमी आहे गं."

सून वळलीसुद्धा नाही. "किती कमी, ते मोजून सांग."

मला वाटलं, पोरगी हसेल. ती उठली, ओट्यावरचा काटा कपाटात टाकला आणि अळणीच जेवली.