खळीतलं मोरचूद

माझी शाळा सातवीत सुटली, पण मराठी वाचता येतं. तेवढ्यावर वऱ्हाडात कारंज्याला आल्यावर नवऱ्याच्या मालकांनी, चाचांनी, मला लेबलं चिकटवायचं काम दिलं. माझं गाव दूर कोकणात. नवरा त्यांचा टेम्पो चालवतो, आमची खोलीही त्यांचीच. एकाच माणसाच्या आधारावर सगळं, म्हणून मनात कायम धाकधूक.

चाचा तूरडाळ कापडी पिशव्यांत भरून शहरातल्या दुकानांना पाठवतात. पिशवीवर हिरवं कागदी लेबल: ‘विषमुक्त, पर्यावरणपूरक’. प्लास्टिकचं स्टिकर नको म्हणून मैद्याची खळ. माझे वडील वह्या बांधायचे. किडे लागू नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद, ती निळी विषारी पूड, घालायचे. चाचांकडे संत्र्याच्या झाडांवर फवारायला आणलेली त्याची पुडी होती. मीही घातलं, न विचारता.

चाळीस पिशव्या भरून टेम्पोत चढल्या. एक रिकामी उरली होती. ती सहज उलटी केली, तर आतून, लेबलाच्या बरोबर मागे, निळसर डाग. मोरचूद कापडातून आत झिरपलं होतं.

“काय झालं वं? चेहरा काहून उतरला?” चाचींनी विचारलं.

मी पिशवी दाखवली, पुडी दाखवली. चाचींनी कपाळावर हात मारला आणि टेम्पो थांबवायला ओरडल्या. चाचा आले. डाग बोटानं घासून बघितला.

“वरतं लिवलं विषमुक्त, अन् चिकटवलं विषानं! शाबास!”

मी मान वर केली नाही. डोळ्यांसमोर खोली रिकामी होत होती.

“तू सांगतलं नसतं तर कोणाले समजलं असतं?”

“कोणालाच नाही.”

“मंग सांगतलं कायले?”

“लहान पोरंही खातात ना चाचा, वरण.”

ते टेम्पोकडे वळले. मग नवऱ्याला म्हणाले, “उतरव रे सगळ्या.” ती डाळ खड्ड्यात पुरली, जनावरांनाही घातली नाही. मला वाटलं, आता माझी पाळी. चाचींनी चहा पुढं केला. “पे आधी. उद्यापासून खळ बंद.”

आता लेबल कापडाचं असतं. मी कापते, चाची मशीनवर शिवतात. तरी भरण्याआधी मी प्रत्येक पिशवी उलटी करून बघते.

“आता कायले पाहतं वं? धागाच तर हाये,” चाची हसतात.

हसू देत. मी बघतेच.