वाळ्याची ताटी

आज कूलरला नवी वाळ्याची ताटी बसवली, पाणी सोडलं आणि त्या ओल्या वासासरशी मला आर्वीचा टायपिंग क्लास आठवला. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. सरांनी सगळ्या टायपिंग मशिनी विकून पाडव्याला एक कॉम्प्युटर आणला होता. याला थंड ठेवा, असं विकणाऱ्यानं बजावलं होतं, म्हणून क्लासमधला एकुलता कूलर सरांनी त्याच्याकडे तोंड करून ठेवला. मे महिन्यात तो कॉम्प्युटर अडायला लागला. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरे आकडे चढत जायचे आणि मध्येच थांबायचे, ते थांबायचेच. सर वायरी काढून पुन्हा घट्ट बसवायचे, फ्लॉपी बदलून पाहायचे, हात जोडून बटण दाबायचे, आकडे तिथंच. "तापून राह्यलं थे. कूलर अजून जवळ घ्या," सर म्हणाले. आम्ही पत्र्याखाली घामानं निथळत बसलो आणि गार वारा सगळा त्याला दिला. शेवटी नागपूरहून मेकॅनिक आला. त्यानं डबा उघडला, तर आत हिरवा गंज चढलेला. "सर, यात एवढी ओल कुठून आली?" सरांनी उठून कूलर बंद केला. त्याचं पातं फिरत फिरत थांबेपर्यंत आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. आत्ता सुनेनं विचारलं, "आई, एवढ्या उन्हात कूलर काऊन बंद केला?" मी म्हटलं, "थंडी वाजून राह्यली."