डोंग्यातले प्रश्न

एकोडीजवळच्या आमच्या तळ्यावर हिवाळ्यात धुकं इतकं दाट असायचं, की डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेले बाबा मला दिसायचे नाहीत. नुसता आवाज यायचा. आमचं घर मासे धरणाऱ्यांचं. बाबा तरुणपणी ख्रिस्ती झाले होते, आणि जाळं ओढता ओढता चर्चच्या मंडळीत शिकलेले प्रश्न मला विचारायचे.

"आपन कोनाच्या पुण्याईनं वाचलो, माय?"

"ख्रिस्ताच्या."

"अन् आपली?"

"आपली काहीच नाही. आपन फक्त हात पुढं केला."

अडखळले की धुक्यातून पुन्हा तोच प्रश्न. मी पेंगत असायचे. प्रश्न, पाणी, जाळ्यातली फडफड, सगळं एकमेकांत मिसळून जायचं. शब्द पाठ झाले. अर्थाकडे मी कधी वळले नाही.

लग्न होऊन तुमसरला आले. नवरा राइस मिलमध्ये. आमची मुलगी जन्मापासून बहिरी. नागपूरच्या डॉक्टरांनी कानाला मशीन लावलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या हाकेला वळली. पुढे कितीतरी दिवस मी काम नसतानाही तिला हाक मारत राहिले.

गेल्या वर्षी आमच्या प्रार्थनेला एक नवे उपदेशक येऊ लागले. फार गोड बोलायचे. मागे कीबोर्डचे संथ सूर चालू असायचे, ऐकता ऐकता डोळे आपोआप मिटायचे. एका रविवारी दुपारी त्यांनी मला पुढे बोलावलं. मुलगी कडेवर होती.

"ताई, तुमचा विश्वास पुरता असता तर लेकरू असं जन्मलंच नसतं. आता तरी दाखवा. मशीन काढा. देवाला मशीन लागत नाही."

सगळे डोळे मिटून पुटपुटत होते. मलाही वाटलं, माझंच काही कमी पडलं असेल. हात मुलीच्या कानापर्यंत गेला. कीबोर्ड लांब लांब गेला, टिनाखालची ती खोली हळूहळू पांढरी होत गेली, आणि त्या पांढऱ्यातून बाबा म्हणाले, "अन् आपली?"

"काहीच नाही," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले असणार, कारण कीबोर्ड थांबला.

"काय म्हणालात?"

"माझा विश्वास तोलून देव देत असन, तर ती कृपा कायची? मले असं शिकवलं नाही कोनी. मशीन नाही काढत मी."

त्यांचा चेहरा बदलला. "मग पुढे देवाला दोष देऊ नका."

"नाही देत," मागून नवरा म्हणाला. त्यानं मुलीला घेतलं आणि आम्ही बाहेर उन्हात आलो.

माहेरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं.

"मी तं तू झोपून पान्यात पडू नये म्हणून विचारत होतो," बाबा म्हणाले, आणि गमछ्यानं डोळे पुसले.

आमच्यातली काही घरं त्या उपदेशकांबरोबर गेली. शेजारची काकूही. तिनं शुगरच्या गोळ्या बंद केल्यात. मी वाद घालत नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन जाते, बसते. परवा तिनंच विचारलं, "माह्यात काय कमी असन वं, बाई? इतका उपास करून राहिली, तरी पाय सुजूनच राहिले."

मी कप खाली ठेवला, तिचे पाय मांडीवर घेतले आणि म्हणाले, "काकू, गोळी घेऊन प्रार्थना केली तं देव रागावते असं कोनी सांगितलं तुमाले?"