परीक्षेला नसलेली पुस्तकं

आमच्या घरी पुस्तकांचे दोनच प्रकार होते : परीक्षेला असलेली आणि रद्दी. यात कुणाचा दोष नाही. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्याआधी घरात जो छापील कागद आला, तो एकतर लग्नपत्रिका होऊन आला नाहीतर भज्यांभोवती गुंडाळून.

वडवणीला कॉलेजात जायला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला तिथलं वाचनालय सापडलं. (सापडलं म्हणजे, एसटी चुकली होती आणि बाहेर ऊन फार होतं.) आत चष्मा कपाळावर ठेवून बसलेले एक काका होते. कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली हरवली होती. उघडं होतं ते कोपऱ्यातलं एकच कपाट, आणि त्यावर चिठ्ठी चिकटवलेली : ‘इतर’.

यातलं घेतलं तर चालेल का, असं मी बिचकत विचारलं. काका म्हणाले, “ने की बाई. त्याला गिऱ्हाईकच न्हाई.”

त्या कपाटात काय नव्हतं! मधमाश्यांवर एक पुस्तक होतं. माणसाच्या दातांवर एक. पूल पडत का नाहीत यावर एक. आणि मिठावर अख्खं एक! मीठ आपण चिमटीने घेतो आणि विसरतो; त्यावर कुणीतरी एवढं जाडजूड पुस्तक लिहून ठेवलं होतं. मला आतापर्यंत वाटायचं, जगात विषय सहाच. वेळापत्रकात असतात तेवढे. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की दुसरी एसटीपण चुकली.

पहिल्यांदा मधमाश्यांचं आणलं. आमचे आप्पा शेळ्या पाळतात. त्यांना वाचता येत नाही, पण बाजारात शेळी पारखावी तसं ते पुस्तक पारखतात. मुखपृष्ठ बघितलं, पानं फिरवली, वजन घेतलं.

“हे परीक्षेला हाय का?”

खरं उत्तर ‘नाही’ होतं. पण ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, की मग पोरगी कावून धाडायची रोज वडवणीला. हा प्रश्न आप्पांनी कधीच विचारला नव्हता, पण भावकीतले चारजण तोच तोंडात धरून बसले होते. मी जमिनीकडे बघत म्हणाले, “हाय.”

“माश्या?”

“माश्या.”

“कॉलेजला?”

“हो.”

आप्पांनी पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं. त्या क्षणी माझं आयुष्य सोपं झालं, असं मला वाटलं.

पुढच्या आठवड्यात दात आले. मग पूल आला, मीठ आलं, चंद्र आला. प्रत्येक वेळी आप्पांचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. आप्पांनी चित्रांवरून हिशेब ठेवला आणि पारावर सांगून टाकलं, की आमच्या कोमलला सतरा विषय हायेत, डॉक्टरला बी एवढे नसतेत. (सतरा नव्हते. अकरा होते. पण मी दुरुस्त कसं करणार!)

लोक यायला लागले. शेजारचे उत्तमतात्या सकाळीच आमच्या ओसरीवर येऊन, चहा घ्यायच्या आधी, तोंड उघडून बसले. खालच्या बाजूची दाढ ठणकत होती. मी मोबाईलच्या उजेडात आत बघितलं आणि त्या दाढेचं शास्त्रीय नाव सांगितलं. तात्यांनी विचारलं, मग आता करायचं काय? पुस्तकात तो भाग मी अजून वाचला नव्हता. मी गंभीरपणे म्हणाले, “ब्रश करत जा.” तात्या खूश होऊन गेले. इतकी वर्षं त्रास देणाऱ्याचं निदान नाव तरी कळलं होतं.

मग कडुनिंबावर पोळं लागलं. आप्पांनी चारचौघांत मला पुढे केलं. मी झाडाखाली उभी राहून सांगितलं, की मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा सांगतात.

“नाचू दे की,” समोरच्या घरातल्या सोजरकाकू म्हणाल्या. “जातेत कवा तेवढं सांग.”

एवढ्यात एक माशी माझ्या पापणीवर बसली. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला एकाच डोळ्याने गेले. आप्पा मात्र लोकांना सांगत होते, की हिचं प्रॅक्टिकल झालं.

त्याच वेळी खरं सांगून टाकायला हवं होतं. रोज ठरवायचे. पण आप्पा माझी पुस्तकं कपाळाला लावून फळीवर ठेवायचे. तिथे मिठाचं पुस्तक देवाच्या फोटोशेजारी बसलेलं बघितलं, की माझी जीभच उचलायची नाही.

मग मी उंटाचं पुस्तक आणलं.

यावर आप्पा सगळ्यात खूश झाले. एवढे दिवस पोरगी काहीबाही शिकत होती, आता कुठं जनावरावर आली! बघता बघता तो रविवार उजाडला. आमची रंगी नावाची शेळी पहिल्यांदाच वीत होती आणि अडली होती. रंगीला आप्पांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. सकाळपासून ती कळा देत होती, आणि पिल्लाचं नाक आणि एक पाय एवढंच दिसत होतं. आप्पांनी जनावरांच्या डॉक्टरांना लावायला फोन काढला, माझ्याकडे बघितलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

“आप्पा, डॉक्टरला बोलवा,” मी म्हणाले.

“कावून? तू हायेस की.”

“मला येत नाही.”

“उंटाचं येतंय. शेळी तर केवढीशी हाय.”

रंगी मान टाकून ओरडली. भोवती माय होती, उत्तमतात्या होते, सोजरकाकू होत्या. मी म्हणाले, “आप्पा, उंट परीक्षेला नव्हता. माश्यापण नव्हत्या. चंद्र नव्हता, मीठ नव्हतं. मी आणलेलं काहीच परीक्षेला नव्हतं. मी खोटं बोलले.”

मग उत्तमतात्यांनी गालावर हात ठेवून, अगदी दुखावल्या आवाजात विचारलं, “दात बी न्हाई?”

आप्पांनी माझ्याकडे न बघता फोन लावला. डॉक्टर धारूरच्या डोंगरात कुणाच्या तरी म्हशीपाशी होते. यायला दोन तास लागणार होते. रंगीकडे दोन तास नव्हते.

तेव्हा माय पुढे झाली. मायने वीस वर्षांत कितीतरी शेळ्यांची वेतं काढलीत. ती शाळेत कधी गेली नाही, म्हणून आमच्यापैकी कुणालाही तिला विचारायचं सुचलं नव्हतं! तिने रंगीच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, “दुसरा पाय माघारी दुमडलाय. माझा हात जात न्हाई. कोमे, तुझा हात बारका हाय. हात धू, तेल लाव अन् ये.”

मी गेले. हात धुऊन तेल लावलं. मायने सांगितलं तसं पिल्लाला हळूच मागे सारायचं होतं, म्हणजे दुमडलेला पाय पुढे घ्यायला जागा होणार होती. पण मागे सारलं की बाहेरचा पायही हातातून निसटून आत जायचा. दोनदा तसंच झालं. माय म्हणाली, त्या पायाला काहीतरी बांध, पण सुटायला नको अन् रुतायला बी नको.

अशी गाठ असते. मला माहीत होती! मागच्याच आठवड्यात गाठींचं एक पुस्तक आणलं होतं आणि खाटेच्या पायाला बांधून बांधून सराव केला होता. पण दोरी? गोठ्यातली सगळी दावी शेणाने भरलेली.

मायने आप्पांकडे बघितलं. “नाडी काढा.”

“कशाची?”

“पायजम्याची. आज सकाळीच धुतलेला घातलाय तुमी.”

आप्पांनी एकवार सोजरकाकूंकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि नाडी ओढून दिली. पुढचा सगळा वेळ ते एका मुठीत पायजमा आणि दुसऱ्या हाताने रंगीचं डोकं धरून बसले. मी गाठ मारली. माय सांगत गेली, मी करत गेले. दुमडलेला गुडघा बोटांना लागला, वळला, आणि पाय पुढे आला. मग सगळंच पिल्लू एकदम माझ्या मांडीवर पडलं. हलेना. मायने त्याचं नाक पुसलं, गवताची काडी आत फिरवली, आणि ते माझ्या तोंडावर शिंकलं. दुसरं पिल्लू पाठोपाठ आपलं आपण आलं. त्याला कुणाच्या शिक्षणाची गरज पडली नाही.

आप्पा बराच वेळ त्या गाठीकडे बघत होते.

“ही कुठं शिकलीस?”

“पुस्तकात.”

“परीक्षेला हाय?”

“नाही.”

“बरं,” आप्पा म्हणाले. “नाडी तेवढी धुऊन दे.”

हात-पाय धुऊन चुलीपाशी बसल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की मग परीक्षेला नेमकं हाय काय? मी सांगितलं : अर्थशास्त्र वगैरे. त्याचं पुस्तक कुठंय? ते ‘इतर’ कपाटात नव्हतं, त्यामुळे आमची कधी गाठच पडली नव्हती. निकाल लागला तेव्हा त्याच विषयात मी नापास झाले. आता वाचनालय बंद, असंच मी धरून चालले. भावकीतल्या एकाने आप्पांना छेडलंच. आप्पा म्हणाले, “ज्याचं पुस्तक घरात आलंच न्हाई, त्यात गेली. त्यात नवल काय?”

आता दर बाजारच्या दिवशी मी परत आले की आप्पा स्वतः पिशवी उघडतात. वरचं पुस्तक काढून जुनाच प्रश्न विचारतात, “हे परीक्षेला हाय का?”

“हाय,” मी म्हणते, आणि आता ते खरं असतं.

“मंग ते ठिव तिकडं,” आप्पा सरसावून बसतात. “दुसरं काय आणलंस?”

मग मी वाचते. आप्पा, माय आणि उत्तमतात्या ऐकतात. सध्या ज्वालामुखी चालू आहेत. अर्थशास्त्राचा पेपर यंदा मी तिसऱ्यांदा देते आहे.