बाळंतिणीचे लाडू आणि दुबईचे सल्ले

लेक दुबईत बाळंत झाली आणि मी पहिल्यांदाच त्या बाजूला निघाले, तेव्हा आमच्या लंडनमधल्या स्टॅनमोर-एजवेअरच्या मराठी बायकांच्या सल्ल्यांना नुसता ऊत आला. आठवलं तरी वीट येतो. सगळ्यांत पुढे माझी एजवेअरची मैत्रीण, कारण तिचा मुलगा तिथे असतो आणि ती दरवर्षी जाते. व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे मेसेज संपेनात. खांदे झाकणारे कपडे घे. विचारल्याशिवाय बायकांचे फोटो काढू नकोस. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने. अगं बाई, डावा हात पुढे केला म्हणून लहानपणी मी धपाटे खाल्लेत, हे तू मला शिकवणार?

लेकीने मागितलं होतं ते एकच. "आई, बाकी काही आणू नकोस. फक्त तुझ्या हातचे डिंकाचे लाडू." तिथे विकत मिळतात, पण ते तिच्या घशाखाली उतरेनात. फोनवर रडवेली झाली होती बिचारी. मग मी डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं भाजलं आणि हात सैल सोडून खसखस घातली. वळायला ही मैत्रीणच मदतीला आली. दोन लाडू तिथेच मटकावले आणि म्हणाली, "खसखस काय खमंग भाजली आहेस गं!"

बॅग भरताना जावयांचा व्हिडिओ कॉल आला. मी कौतुकाने डबा दाखवला.

"आई, यात खसखस नाही ना?"

"अहो, खसखशीशिवाय कुठे डिंकाचे लाडू होतात?"

त्यांचा चेहराच उतरला. "इथे खसखस अफूत धरतात. सापडली तर तुरुंग. प्लीज, आणू नका."

मी डबा बाजूला ठेवला. नातवाचं तोंड बघायला निघालेली बाई, आणि अफू आणली म्हणून कोठडीत! सगळे लाडू कौन्सिलच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात ओतले. केळ्यांच्या काळ्या सालींवर ते तूप निथळत राहिलं.

मैत्रिणीलाही सावध करावं म्हणून फोन लावला, तर ती थंडपणे म्हणाली, "हो गं, माहितीये. गेल्या वर्षी माझ्या अनारशांवर खसखस होती ना. एअरपोर्टवर धरलं, वेगळ्या खोलीत बसवून ठेवलं. मुलगा आला तेव्हा कुठे सोडलं."

"आणि मला बोलली नाहीस? लाडू वळत होतीस तेव्हाही?"

"लाज वाटली गं. चार बायकांत झालं असतं, हिला पकडलं होतं म्हणून. आणि सगळ्यांनाच थोडी धरतात!"

शी! किळस आली मला त्या बाईची. म्हणजे पडले तरी नाक वर! माझी लेक बाळ घेऊन वाट बघत बसली असती आणि मी त्या खोलीत रडत बसले असते, तरी हिला चाललं असतं. मी फोन आपटला आणि पुन्हा डिंक तळायला घेतला, या वेळी खसखशीशिवाय.

दुबईत लेकीने पहिला घास घेऊन डोळे मिटले. "काहीतरी कमी आहे, पण तुझेच आहेत," म्हणाली. नातू मांडीवर झोपला होता. मी एका हाताने ग्रुपवर लिहिलं, "इकडे येताना खसखस आणू नका, तुरुंगात जाल."

सगळ्यांत आधी मैत्रिणीचा अंगठा आला. खाली तिने लिहिलं होतं, "अगदी बरोबर. मी तर सगळ्यांना नेहमी हेच सांगते."